‘एखादा प्रसंग सांगा’ म्हटलं की डोकं रिकामं होतं

कायद्याची पदवी घेऊन दीड वर्ष झालेल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती सध्या एका दिवाणी वकिलांकडे ज्युनिअर आहे. गेल्या चार महिन्यांत तिने दोन लॉ फर्म आणि एका कंपनीचा विधी विभाग अशा तीन ठिकाणी मुलाखती दिल्या आणि तिन्हीकडून नकार आला. ती लिहिते: ‘‘ताई, कायद्यावरचं कुणी काही विचारलंच नाही. ‘दबावाखाली काम केल्याचा प्रसंग सांगा’, ‘वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत’, ‘तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा’, असलेच प्रश्न. मी एकतर गप्प बसले, नाहीतर ‘मी मेहनती आहे, टीममध्ये छान काम करते’ असं काहीबाही बोलले. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच. सरांकडे मी फाईलची पानं लावते, झेरॉक्स तपासते, डायरीत तारखा लिहिते. एकदा दाव्यातली आणि भाडेकरारावरची तारीख जुळत नव्हती ते मी दाखवलं, एवढीच काय ती कामगिरी. कॉलेजात असताना फी भरायला दोन वर्षं संध्याकाळी एका हेल्पलाइनवर फोन घेत होते, पण वकिलीशी त्याचा काय संबंध म्हणून बायोडेटात घातलं नाही. मैत्रिणीने वीस तयार उत्तरं पाठवली आहेत. तिला त्यांवरच नोकरी लागली. तीन आठवड्यांनी माझी पुढची मुलाखत आहे. त्यातले दोन-चार प्रसंग माझे म्हणून सांगू का? सगळेच सांगतात म्हणे.’’

पत्रात मला ‘ताई’ म्हटलं आहेस, तेव्हा मीही सरळ ‘तू’वर येते.

तुझा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि एकाच वाक्यावर अडकले: ‘तारीख जुळत नव्हती ते मी दाखवलं.’ कधी दाखवलंस? कुणाला? काय शब्दांत? पुढे काय झालं? हे चार प्रश्न मी तुला मेलवर विचारले, आठवतं ना. तुझी उत्तरं तुझ्या परवानगीने, आणि ओळख पटेल असं सगळं काढून, इथे देते.

दावा दुसऱ्या दिवशी दाखल व्हायचा होता. फाईल 340 पानांची. संध्याकाळी साडेसहाला तू पानांवर क्रमांक टाकत बसली होतीस. दाव्याच्या मजकुरात कराराची तारीख 2 होती आणि जोडलेल्या करारावर 12, महिना एकच. कारकून म्हणाला, ‘टायपिंगची चूक असेल, सरांना आता कशाला त्रास?’ तू तरीही अर्धा तास फाईल उलटी-सुलटी चाळलीस. पाच ठिकाणी 12 सापडले, तीन ठिकाणी 2. एका कागदावर पान क्रमांकासकट ते उतरवून काढलंस आणि सर निघायच्या आत त्यांच्यासमोर ठेवून म्हणालीस, ‘यातली बरोबर कुठली ते मला ठरवता येत नाही, पण दोन्ही बरोबर असू शकत नाहीत.’ नोटिशीची मुदत त्याच तारखेपासून मोजलेली होती. दहा दिवसांनी सगळा हिशेबच सरकत होता. सरांनी अशिलाला फोन करून मूळ करार मागवला. दावा एक दिवस उशिरा, पण दुरुस्त होऊन गेला.

आणि ही मुलगी मला लिहिते, की मी फक्त पानं लावते!

मला वाटतं, तुझी खरी अडचण प्रसंग नसण्याची नाही. ‘प्रसंग’ या शब्दाचा अर्थच तू फार मोठा लावला आहेस. प्रसंग म्हणजे जिंकलेली मूट (कॉलेजातली लुटुपुटीच्या खटल्याची स्पर्धा), छापून आलेला लेख, निदान एखादा गाजलेला खटला तरी हवा, असं तू धरून चाललीस. मुलाखतीच्या टेबलापलीकडे मी बरीच वर्षं बसले आहे. आमच्यासमोर एक छापील कागद असतो. डाव्या बाजूला गुण लिहिलेले: बारकाईने काम, योग्य-अयोग्याची पारख, अशिलाशी वागणूक, सहकाऱ्यांबरोबर जमवून घेणं, प्रामाणिकपणा. मधे रिकामा रकाना ‘पुरावा’ म्हणून, आणि उजवीकडे 1 ते 5 गुणांच्या चौकटी. उमेदवार ‘मी अतिशय मेहनती आहे’ म्हणाला, की माझं पेन हललेलं नसतं. काय लिहू? तो त्याचा स्वतःबद्दलचा अभिप्राय झाला. ‘मग मी पाच ठिकाणी 12 आणि तीन ठिकाणी 2 शोधून काढले’ असं कुणी म्हणालं, की पेन आपोआप चालू लागतं. तू कायदा शिकली आहेस, मत आणि पुरावा यांतला फरक तुला मी सांगायला नको.

‘कायद्यावरचं काही विचारलंच नाही’ ही तुझी तक्रार मला समजते, पण त्यामागे एक गृहीत आहे: की असले प्रश्न म्हणजे वेळकाढूपणा, आणि खरी परीक्षा कलमांची. या पद्धतीचा उगम वकिलीत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलासाठी काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना वैमानिक निवडायचे होते. ‘चांगला वैमानिक कसा असतो’ या प्रश्नावर नुसती मतं मिळत, म्हणून त्यांनी नेमके प्रसंग गोळा करायला सुरुवात केली: त्या क्षणी त्याने काय केलं, काय करायला हवं होतं. त्यांच्यापैकीच जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये ही रीत लिहून मांडली. 1973 मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी, परीक्षेतले गुण आणि बुद्ध्यंक पाहून कामातलं यश सांगता येतं या समजुतीवरच बोट ठेवलं. पुढे नोकऱ्यांच्या मुलाखतींत हे सगळं मुरलं. तुझी पदवी तुला कलमं येतात हे आधीच सांगते. साडेसहाला चूक सापडल्यावर तू काय करतेस, हे कुठल्याच गुणपत्रिकेवर नसतं.

शिवाय ज्याच्या मागे कुणी नाही त्याला ही पद्धत जास्त न्याय देते. सगळ्यांना तेच प्रश्न आणि तीच मोजपट्टी असली, की ‘अरे, तू अमक्यांचा ना?’ अशा गप्पांना जागा कमी उरते. निवडीच्या वेगवेगळ्या पद्धतींवरचे जुने अभ्यास 2022 मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा अशी आखीव मुलाखतच यादीत सगळ्यात वर निघाली. पण उमेदवार पुढे काम कसं करेल याच्या अंदाजाचा तिचा आकडा किती, तर 0.42. अंदाज अचूक असता तर तो 1 असता, काहीच संबंध नसता तर 0. सगळ्यात चांगल्या पद्धतीची ही कथा. तेव्हा तीन नकारांवरून स्वतःचं मोजमाप करत बसू नकोस.

आता मैत्रिणीच्या वीस उत्तरांकडे येते. रागावत नाही. मी स्वतः हे केलं आहे. माझ्या दुसऱ्याच मुलाखतीत, वर्गमैत्रिणीने इंटर्नशिपमध्ये केलेली एक तडजोड मी माझी म्हणून सांगितली. छान सांगितली, पाठच होती. पॅनेलवरच्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, ‘समोरच्या पक्षाचे वकील तेव्हा काय म्हणाले?’ मैत्रिणीने ते मला सांगितलं नव्हतं. मी काहीतरी रचलं. मग त्यांनी विचारलं, ‘तुम्हाला त्यांचं म्हणणं पटलं होतं का?’ तिथे मी थांबले ती थांबलेच. कान इतके तापले होते, की पुढचे तीन प्रश्न मला धड ऐकूही आले नाहीत.

कोर्टात आपण अशाला पढवलेला साक्षीदार म्हणतो. सरतपासणीत तो एकदम तयारीचा असतो, शब्दाला शब्द लागलेला. उलटतपासणीत कुणी त्याला पाठांतराच्या एक पाऊल बाहेर नेलं, की संपलं. मुलाखतीतही खरे गुण पहिल्या उत्तराला मिळत नाहीत, मागाहूनच्या प्रश्नांत मिळतात. तुझ्या तारखेच्या प्रसंगावर मी विचारेन, ‘एक दिवस उशीर चालणार होता हे तुम्हाला कसं माहीत? दाव्याची मुदत त्याच दिवशी संपत असती तर?’ खरं घडलेलं असेल तर तू क्षणभर विचार करून सांगशील, ‘मला ते माहीत नव्हतं. म्हणूनच ठरवण्याचं काम सरांवर सोडलं आणि ते निघायच्या आत सांगितलं.’ या एका उत्तराने मी तुला पूर्ण गुण देईन. उसन्या प्रसंगात हे उत्तर तुला कुठून सुचणार?

तुझ्या मैत्रिणीला नोकरी लागली, हे खरं. पण सनद देताना चारित्र्य तपासण्याची रीत जगात बहुतेक ठिकाणी आहे, आणि या धंद्यात आयुष्यभर तीच माणसं पुन्हापुन्हा भेटतात. एखादा निर्णय एखाद्या दिवशी खपून गेला म्हणून तो शहाणपणाचा ठरत नाही, एवढंच म्हणते. प्रसंग सांगताना तो आवरणं, फाफटपसारा गाळणं, नीट क्रम लावणं यात काही गैर नाही. तेही कौशल्यच आहे. चौघांनी केलेलं काम ‘मी’ म्हणून सांगणं मात्र मी त्याच वीस उत्तरांच्या रांगेत बसवते.

गंमत अशी, की आपल्याकडची अडचण बरेचदा नेमकी उलटी असते. आपल्याला ‘मी’ म्हणायचाच संकोच. ‘आम्ही बघितलं’, ‘मग ते दुरुस्त करण्यात आलं’, ‘आपण काय केलं तर...’ वर वकिली मसुद्यांची सवय, तिथे सगळं ‘करण्यात येते’. मी विचारते, ‘तुम्ही नेमकं काय केलंत?’ आणि उत्तर पुन्हा ‘आम्ही’नेच सुरू होतं. टीमने काय केलं हे एका वाक्यात सांग, आणि मग स्वतःचा वाटा ‘मी’ लावून सांग. त्यात बढाई नाही. साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं, स्वतः केलेलं तेवढंच सांगायचं असतं, बाकी ऐकीव.

उत्तराचा सांगाडा तुला ठाऊक असेलच, सगळीकडे ‘स्टार’ म्हणून सांगतात: प्रसंग, त्यात तुझी जबाबदारी, तू केलेली कृती, परिणाम. सांगाडा चांगला आहे, प्रमाण चुकतं. मुलं प्रसंगावरच दीड मिनिट घालवतात: दावा कसला, पक्ष कोण, वाद कधीपासून. पहिले दोन भाग मिळून तीन-चार वाक्यांत उरक. निम्म्याहून जास्त वेळ कृतीला दे. शेवटी परिणाम, आणि त्यानंतर तू काय बदललंस ते एका वाक्यात. सगळं मिळून दोन मिनिटं. तुझा प्रसंग तोंडी साधारण असा होईल:

‘‘भाड्याच्या वादातला एक दावा दुसऱ्या दिवशी दाखल व्हायचा होता. फाईल लावणं माझ्याकडे होतं, मजकूर तपासणं नव्हतं. क्रमांक टाकताना दिसलं, की दाव्यात कराराची एक तारीख आहे आणि जोडलेल्या करारावर दुसरी. सहकाऱ्याला ती टायपिंगची चूक वाटली. मलाही आधी तसंच वाटलं, पण नोटिशीची मुदत त्याच तारखेपासून मोजलेली होती. म्हणून मी अर्धा तास फाईल चाळून ती तारीख कुठे काय लिहिली आहे, याची पान क्रमांकासह यादी केली आणि सरांना दाखवली. कुठली बरोबर हे मला ठरवता येत नाही, असंही सांगितलं. सरांनी मूळ करार मागवला. दावा एक दिवस उशिरा, पण दुरुस्त होऊन दाखल झाला. आता मी आधी मजकूर आणि परिशिष्टांतल्या तारखा जुळवते, क्रमांक नंतर टाकते.’’

यात अशिलाचं नाव नाही, गाव नाही, रक्कम नाही, तारखासुद्धा नाहीत. हे मुद्दाम. वकिलीच्या मुलाखतीत गोपनीयतेची परीक्षा कुणी वेगळी घेत नाही, ती पहिल्या मिनिटापासून चालूच असते. एका हुशार मुलाने आम्हाला रंगून एका कौटुंबिक वादाची हकीकत सांगितली. नाव घेतलं नाही, पण धंदा आणि भावांची संख्या सांगितली. पॅनेलवरच्या दोघांना कोण ते कळलं. त्याच्या उत्तराला काय गुण पडले, ते तूच समज. तपशील बदलू नकोस, गाळ. बदललेला तपशील पुढच्या प्रश्नात अडकवतो. ‘गोपनीयतेमुळे एवढंच सांगते’ म्हटलेलं कुणालाही खटकत नाही, उलट आवडतं.

चुकीच्या प्रश्नाला सगळे घाबरतात आणि ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ म्हणतात. कृपा करून म्हणू नकोस, ते ऐकून आमचा चहा निवतो. या धंद्यात चूक होणारच हे आम्हाला ठाऊक असतं. आम्हाला बघायचं असतं ते चूक कळल्यानंतरच्या पहिल्या तासात तू काय केलंस. बहुतेक चुका वेळेत सांगितल्या तर निस्तरता येतात, लपवल्या की नाही. एका मुलाने सांगितलं होतं, की मसुदा आपल्या वरिष्ठांऐवजी समोरच्या वकिलांना मेल झाला, पत्त्याची पहिली दोन अक्षरं सारखी होती. दहा मिनिटांत तो वरिष्ठांच्या केबिनमध्ये उभा होता. वरिष्ठांनी सांगितल्याप्रमाणे समोरच्यांना न वाचता काढून टाकायची विनंती केली, सगळ्याची नोंद ठेवली. तेव्हापासून तो मेल पूर्ण लिहून झाल्याशिवाय पत्ता टाकत नाही. त्या दिवशी सगळ्यात जास्त गुण त्याला होते. चूक खरी असू दे, तुझी स्वतःची असू दे, आणि तिचे काही ना काही परिणाम झालेले असू देत. अप्रामाणिकपणाची मात्र नको.

वरिष्ठांशी मतभेदाच्या प्रश्नात सरांची उणीदुणी काढायची नाहीत. ती मूठ झाकलेलीच राहू दे. आपण वेगळं मत कधी, कुठे, काय आधार दाखवून मांडलं आणि शेवटचा निर्णय त्यांचा आहे हे कसं मानलं, एवढंच.

हेल्पलाइनबद्दल तुझ्याशी मला भांडायचं आहे. दोन वर्षं रोज संध्याकाळी चिडलेल्या, रडवेल्या, अर्धवट सांगणाऱ्या माणसांचं ऐकून घेऊन, त्यांची नेमकी अडचण काय ते शोधणं: अग, अशिलाची पहिली भेट याहून वेगळी काय असते? ‘अवघड अशिलाला कसं हाताळाल’ या प्रश्नाला तुझ्याएवढं भांडवल असलेला उमेदवार मी क्वचित पाहिला असेल. आणि तू ते लाजून लपवलंस. हे फक्त तुझ्यासाठी लिहीत नाही. दुकानात उभं राहून, शिकवण्या घेऊन, घरातल्या आजारपणाचे विम्याचे कागद एकहाती निभावून शिकलेली कितीतरी मुलं हे सगळं ‘वकिलीशी संबंध नाही’ म्हणून गाळतात.

‘समजा असं झालं तर काय कराल?’ हे प्रश्न वेगळे, तिथे प्रसंग नको, विचाराची वाट हवी. अशील कागदावर मागची तारीख टाका म्हणालं तर? ‘मी ठाम नकार देईन’ एवढं बाणेदार वाक्य पुरत नाही. थांबेन, तारीख टाकणार नाही, का टाकता येत नाही ते अशिलाला सांगेन, त्याला खरं काय हवं आहे ते विचारेन कारण कदाचित सरळ मार्गाने ते होईल, वरिष्ठांना लगेच कळवेन, नोंद ठेवेन. पायऱ्या दिसल्या पाहिजेत.

तीन आठवड्यांत इतकं कर. जाहिरात पुन्हा वाच, त्यात ते काय शोधतात हे बरेचदा सरळ लिहिलेलं असतं. मग आपली डायरी आणि जुने मेल चाळून सहा-सात प्रसंग काढ. नुसतं आठवत बसलीस तर पुन्हा ‘काहीच नाही’ येईल, डायरीत सापडतात. प्रत्येकाला एक पान: काय दिसलं, कुणाला सांगितलं, कोणते शब्द वापरले, पुढे काय झालं. वाक्यं पाठ करू नकोस, खुणा लक्षात ठेव. एकेक प्रसंग दोन-तीन प्रश्नांना चालतो. तुझा तारखेचा प्रसंग बारकाव्याला चालेल, दबावाला चालेल, सहकाऱ्याशी मतभेदालाही चालेल, फक्त एकाच मुलाखतीत तोच दोनदा वापरू नकोस. मग ज्या भाषेत मुलाखत आहे त्या भाषेत, मोठ्याने, घड्याळ लावून सांग. मैत्रिणीला समोर बसव आणि तिला सांग, की वीस उत्तरांच्या बदल्यात वीस उलटे प्रश्न विचार.

प्रत्यक्षात डोकं रिकामं झालं, तर ‘विचार करायला थोडा वेळ घेते’ म्हणून दहा सेकंद गप्प बसलीस तरी चालतं. त्या दहा सेकंदांचे गुण कुणी कापत नाही. अगदी तसा प्रसंग आलाच नसेल तर तसं सांग आणि ‘त्याच्या जवळचा एक सांगू का?’ असं विचार.

आणि बायोडेटा आज रात्रीच दुरुस्त कर. जुनी प्रत आधीच पाठवली असशील, तर हेल्पलाइनची दोन वर्षं घातलेली नवी प्रत ‘सुधारित’ लिहून उद्या सकाळी पाठव. दोन्ही प्रती मुलाखतीला जाताना सोबत ने, कारण कुणाच्या हातात कुठली असेल सांगता येत नाही. तारखा मात्र दोन्हींवरच्या जुळवून बघ.